पायथॉनमध्ये नाव ठेवताना: काय चालते, कुठे अडते आणि मराठी नावांचे काय

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या जागेला), फंक्शनला, क्लासला आपण एक नाव देतो. त्या नावाला आयडेंटिफायर म्हणतात. त्याचे नियम बहुतेक ठिकाणी चार ओळींत उरकलेले असतात: सुरुवात अक्षराने करा, अंकाने नको, मध्ये जागा सोडू नका, कीवर्ड (पायथॉनने राखून ठेवलेले शब्द) वापरू नका. इंग्रजी नावांचे काम तेवढ्यावर भागते. पण पायथॉन ३ मध्ये नाव देवनागरीतही ठेवता येते. मार्टिन फॉन लोविस यांनी २००७ मध्ये तसा प्रस्ताव मांडला आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये पायथॉन ३.० आला तेव्हापासून ही सोय आहे. मराठी माध्यमातून आलेल्या कुणालाही मी सांगेन की पहिले काही प्रोग्रॅम मराठी नावांनीच लिहा. लूप कसा फिरतो हे समजून घेताना स्पेलिंगचे ओझे कशाला? मात्र देवनागरी नावांना त्या चार ओळी पुरत नाहीत. आपण अक्षर पाहतो तसे यंत्र पाहत नाही, आणि बहुतेक अडचणी तिथूनच येतात.

वाचण्यापूर्वी एक सूचना. या लेखात पायथॉनचे स्वतःचे शब्द (प्रिंट, इनपुट, क्लास वगैरे) उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी लिपीतच टाइप करायचे. आपण ठेवलेली मराठी नावे मात्र इथे दिसतात तशीच चालतात.

पहिली पायरी: एक चालणारा प्रोग्रॅम

दूध संकलन केंद्रावरचा साधा हिशोब घेऊ.

सकाळ_लिटर = फ्लोट(इनपुट("सकाळचे दूध: "))
संध्याकाळ_लिटर = फ्लोट(इनपुट("संध्याकाळचे दूध: "))
दर = फ्लोट(इनपुट("लिटरमागे दर: "))
एकूण_लिटर = सकाळ_लिटर + संध्याकाळ_लिटर
रक्कम = एकूण_लिटर * दर
प्रिंट(रक्कम)

यातले फ्लोट, इनपुट आणि प्रिंट हे तीनच शब्द इंग्रजी लिपीत टाइप करा आणि फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह करा. आजचे बहुतेक एडिटर ते आपोआप करतात, पण जुन्या विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंगच्या चौकटीत ते निवडावे लागते. काही टर्मिनलमध्ये जोडाक्षरे तुटलेली किंवा मात्रा सरकलेल्या दिसतात. तो फक्त दाखवण्यातला दोष असतो, नाव बिघडलेले नसते.

हा प्रोग्रॅम चालवून आकडा देवनागरीत टाइप करून पाहा, १२.५ असा. चालेल. फ्लोट आणि इंट ही दोन्ही फंक्शने देवनागरी अंक ओळखतात. पण प्रोग्रॅममध्येच थेट "दर = ३५" असे देवनागरी अंकांत लिहिले, तर सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या रचनेतली चूक) येतो. कोडमध्ये किंमत म्हणून लिहायचा आकडा इंग्रजी अंकांतच हवा. हा फरक पहिल्याच दिवशी लक्षात ठेवलेला बरा.

दुसरी पायरी: सुरुवात कशाने, पुढे काय

पायथॉन नावाकडे दोन भागांत पाहतो: पहिली खूण आणि उरलेल्या खुणा. पहिली खूण एखाद्या लिपीतले मूळ अक्षर किंवा अंडरस्कोअर असली पाहिजे. देवनागरीत मूळ अक्षरे म्हणजे स्वर आणि व्यंजने. उरलेल्या जागी ती चालतातच, शिवाय अंक, काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्ताची खूणही चालते.

म्हणजे दर१ हे नाव चालते आणि १दर चालत नाही. दर_सकाळ चालते, _दर चालते, "दर सकाळ" चालत नाही. दर१ मधला अंक देवनागरी असला तरी हरकत नाही, पण तोच १ इंग्रजी अंकांत लिहिला की पायथॉनच्या दृष्टीने ते वेगळे नाव झाले. एका फाइलमध्ये एकाच प्रकारचे अंक वापरा.

आता एक शंका येते. "किंमत" या शब्दात आधी वेलांटी दिसते, मग क. मग हे नाव मात्रेने सुरू होते का? नाही. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवताना ती क नंतर येते. यंत्राच्या दृष्टीने किंमत म्हणजे क, वेलांटी, अनुस्वार, म, त अशा पाच खुणा, एकामागोमाग एक. "स्त्री" हे आपल्याला एकच अक्षर, पण लेन हे फंक्शन त्याची लांबी ६ सांगते: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. हे एकदा स्वतः करून बघा. प्रिंट(लेन("स्त्री")) इतकीच ओळ लागते. पुढचे बरेचसे नियम त्यानंतर पाठ करावे लागत नाहीत.

तिसरी पायरी: काय चालत नाही

जागा, आडवी रेघ, पूर्णविराम, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, टक्का, रुपयाचे चिन्ह, डॉलर, ॲट, हॅश यांतले काहीही नावात चालत नाही. देवनागरीतला दंडही चालत नाही. रुपयाचे चिन्ह नावात घ्यावेसे वाटते, पण ते चलनाचे चिन्ह आहे, अक्षर नाही. रक्कम_रुपये असे लिहा.

यातली आडवी रेघ सर्वांत घातक, कारण ती वजाबाकीचे चिन्हही आहे. "एकूण-लिटर = सकाळ" असे डावीकडे लिहिले तर पायथॉन लगेच अडवतो; ३.१० पासूनच्या आवृत्त्यांत "कॅनॉट असाइन टू एक्स्प्रेशन हिअर" असा संदेश येतो. पण उजवीकडे "रक्कम = दर-लिटर" असे लिहिले आणि दर व लिटर ही दोन्ही नावे आधीपासून असली, तर पायथॉन मुकाट्याने वजाबाकी करतो. चूक दाखवली जात नाही, फक्त उत्तर चुकते. शब्द जोडायला अंडरस्कोअरची सवय लावून घ्या.

जागेच्या बाबतीत असे होत नाही. "एकूण लिटर = दर" हे पायथॉनला वाचताच येत नाही आणि तो तिथेच "इन्व्हॅलिड सिंटॅक्स" म्हणून थांबतो.

मोबाइलवरच्या संदेशातून किंवा वर्डमधून कोड चिकटवताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हे होतात. मग "इन्व्हॅलिड कॅरेक्टर" असा संदेश येतो आणि नवशिक्याला वाटते की आपले मराठी नावच चालत नाही. संदेशात कोणती खूण दाखवली आहे ते आधी वाचा. बऱ्याचदा नाव निर्दोष असते आणि अडलेले असते ते शेजारचे अवतरणचिन्ह.

चौथी पायरी: कीवर्ड

काही शब्द पायथॉनने स्वतःसाठी राखून ठेवले आहेत. ३.७ पासून त्यांची संख्या ३५ आहे. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, डेफ, रिटर्न, इम्पोर्ट हे तर पहिल्या आठवड्यातच ओळखीचे होतात. फसवतात ते रोजच्या वापरातले: क्लास, पास, फ्रॉम, इन, इज, ॲज, विथ, ग्लोबल. शाळेच्या निकालाचा प्रोग्रॅम लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी इयत्तेसाठी क्लास आणि उत्तीर्णसाठी पास हे नाव देऊन पाहतो. दोन्ही राखीव. इंग्रजीतच नाव हवे असेल तर शेवटी एक अंडरस्कोअर जोडायची पद्धत आहे. मराठीत इयत्ता आणि उत्तीर्ण लिहिले की प्रश्नच मिटतो, कारण सगळे कीवर्ड इंग्रजी लिपीत आहेत.

ट्रू, फॉल्स आणि नन हे तीन कीवर्ड मोठ्या अक्षराने सुरू होतात. मॅच, केस आणि टाइप हे शब्द विशिष्ट जागीच कीवर्डसारखे वागतात, एरवी नाव म्हणून चालतात. तरीही टाळलेले बरे.

पाचवी पायरी: चालणारी पण वापरू नयेत अशी नावे

हा भाग नियमांच्या यादीत नसतो, पण कीवर्डपेक्षा जास्त वेळ हाच खातो. लिस्ट, सम, मॅक्स, मिन, इनपुट, आयडी, स्ट्र, डिक्ट, प्रिंट हे कीवर्ड नाहीत. ती पायथॉनबरोबर येणाऱ्या तयार फंक्शनांची आणि प्रकारांची नावे आहेत. एखाद्या व्हेरिएबलला इंग्रजी लिपीत सम असे नाव दिले तर पायथॉन हरकत घेत नाही. त्या क्षणापासून सम म्हणजे तुमचा आकडा. वीस ओळी खाली बेरीज करायला सम हे फंक्शन बोलावले की टाइप एरर येतो: "इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल". चूक वीस ओळी वर आणि संदेश खाली, म्हणून शोधायला वेळ जातो. "नॉट कॉलेबल" दिसले की आधी वर जाऊन तपासा, एखाद्या तयार फंक्शनाचे नाव आपण आपल्याकडे घेतले आहे का. दोष काढल्यावरही नोटबुकमध्ये (तुकड्यातुकड्याने कोड चालवायच्या पानात) तोच संदेश येत राहिला तर कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) पुन्हा सुरू करा. जुने नाव स्मृतीत तसेच बसलेले असते.

फाइलच्या नावालाही हेच लागू आहे. रँडम मॉड्यूल (पायथॉनबरोबर येणारा तयार कोड) शिकताना आपल्या फाइलला रँडम हेच नाव देऊ नका. इम्पोर्ट करताना पायथॉनला आधी तुमची फाइल सापडते आणि खरे मॉड्यूल बाजूला राहते.

सहावी पायरी: एकूण की एकुण

इंग्रजी लिपीत लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मोजली जातात. लहान अक्षरांतला टोटल आणि पहिले अक्षर मोठे असलेला टोटल ही दोन नावे आहेत. देवनागरीत लहान-मोठे नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ आहे आणि त्याचा परिणाम तोच होतो.

एकूण = एकूण + लिटर ही ओळ बरोबर. आता डावीकडे चुकून एकुण असे ऱ्हस्व लिहा. पायथॉनमध्ये व्हेरिएबल आधी जाहीर करावे लागत नाही. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नवे नाव दिसले की ते तयार होते. त्यामुळे एकुण नावाचे दुसरेच व्हेरिएबल जन्माला येते, खरे एकूण जागचे हलत नाही, आणि लूप संपल्यावर बेरीज सुरुवातीला होती तेवढीच छापली जाते. कुठेही एरर नाही. उजवीकडे चूक झाली तर निदान नेम एरर येतो, आणि नव्या आवृत्त्या "डिड यू मीन" म्हणून जवळचे नावही सुचवतात. डावीकडची चूक मात्र स्वतःच शोधावी लागते.

अनुस्वाराचेही तसेच. पंप आणि पम्प, अंक आणि अङ्क हे वाचणाऱ्याला एकच, पायथॉनला वेगळे. मराठीत आपण एरवी अनुस्वारच लिहितो, तोच सगळीकडे ठेवा. आणि नाव पुन्हा पुन्हा हाताने टाइप करण्यापेक्षा एडिटरने सुचवलेले नाव निवडा; दोन-तीन अक्षरे लिहिली की यादी येते. शुद्धलेखनाच्या बहुतेक चुका एवढ्यानेच टळतात.

सातवी पायरी: डोळ्यांना न दिसणारी खूण

मराठीत लिहिणाऱ्याने हा भाग सावकाश वाचावा, कारण तो इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही.

अक्षरे जोडण्यासाठी संगणकावर एक अदृश्य खूण वापरतात. तिला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात आणि युनिकोडमध्ये (लिप्यांतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) तिचा क्रमांक यू+२००डी आहे. ती रुंदी घेत नाही, दिसत नाही, पण असते. पायथॉन ती नावात चालवून घेत नाही. नावात ती आली की "इन्व्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+२००डी" असा संदेश येतो, आणि पडद्यावर तर सगळे ठीक दिसत असते.

मराठीत ती दोन ठिकाणांहून हमखास शिरते. पहिले ठिकाण म्हणजे "ॲप", "ॲड" यांतला पहिला स्वर. यासाठी युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर आहे, यू+०९७२. पण पुष्कळ जण आणि काही कळफलकही अ, मग ती अदृश्य खूण, मग चंद्र अशी जोडणी करून तोच आकार उभा करतात. स्वतंत्र अक्षराने लिहिलेले नाव चालते, जोडणीचे अडते. अदृश्य खूण न घालता नुसते अ आणि चंद्र जोडले तर नाव चालते, पण ते ॲ ने लिहिलेल्या नावापेक्षा वेगळे ठरते. "ऑ" लिहिताना आ वर चंद्र जोडला तरी हेच होते.

दुसरे ठिकाण म्हणजे दुसऱ्या, शेतकऱ्यांना, वाऱ्यावर यांतला अर्धा र. तो दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि ती अदृश्य खूण जोडून. पहिला प्रकार नावात चालतो, दुसरा चालत नाही. तुमचा कळफलक कोणता प्रकार टाइप करतो हे पाहायला ॲस्की नावाचे फंक्शन आहे. प्रिंट(ॲस्की("दुसऱ्या")) असे लिहा. प्रत्येक खुणेचा क्रमांक छापला जातो. त्यात २००डी दिसले की समजायचे.

एका बाबतीत पायथॉन सवलत देतो. ऱ हे अक्षर एकसंध टाइप केलेले असो की र खाली नुक्ता (टिंब) जोडून केलेले असो, दोन्ही तो एकच मानतो, कारण नाव वाचताना तो त्याचे एनएफकेसी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने एकसारखे रूप करून घेतो. पण ही पद्धत युनिकोडने जी रूपे समान ठरवली आहेत तेवढ्यांनाच लागू पडते. ॲ आणि ऑ यांच्या जोडण्या त्यात येत नाहीत.

आठवी पायरी: स्वतः तपासा

शंका असेल तर पायथॉनलाच विचारा. प्रत्येक स्ट्रिंगला (अवतरणातल्या मजकुराला) इजआयडेंटिफायर नावाची मेथड, म्हणजे तिला जोडलेले फंक्शन, असते (इंग्रजीत सगळी लहान अक्षरे, शब्द जोडून).

प्रिंट("दर१".इजआयडेंटिफायर())
प्रिंट("१दर".इजआयडेंटिफायर())

पहिली ओळ ट्रू छापते, दुसरी फॉल्स. मात्र ही मेथड फक्त घडण तपासते. क्लास या शब्दालाही ती ट्रू म्हणते, कारण अक्षरांच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. राखीव शब्द तपासायला कीवर्ड हे मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातले इजकीवर्ड वापरावे लागते.

चांगले नाव कसे असावे

नियमाला उतरलेले नाव चांगले असतेच असे नाही. क, ख, ग ही वैध नावे आहेत, पण दोन आठवड्यांनी ती कशाची हे तुम्हालाही सांगता येणार नाही. दूध_माहिती हे नाव लांब असूनही काही सांगत नाही. सकाळ_लिटर सांगते: कोणत्या वेळचे आणि कोणत्या मापात. जिथे आकडा आहे तिथे माप नावात यावे असा माझा आग्रह आहे. अंतर_किमी, व्याज_दर_टक्के, वजन_ग्रॅम. दर महिन्याचा की वर्षाचा, रुपये की पैसे, हे गोंधळ नावातच थांबवता येतात.

फंक्शनाचे नाव क्रियेचे असावे: रक्कम_काढा, पावती_छापा. होय-नाही साठवणाऱ्या व्हेरिएबलचे नाव विधानासारखे वाचता आले तर इफ ची ओळ सरळ वाचता येते: पैसे_दिले, दूध_नासले. लांबीला पायथॉनमध्ये मर्यादा नाही, पण एका ओळीत ७९ खुणांपेक्षा जास्त नको असे पेप ८ सांगते. २००१ मधली ही मार्गदर्शिका पायथॉन लिहिणारे आजही प्रमाण मानतात. तिच्याप्रमाणे व्हेरिएबल आणि फंक्शने लहान अक्षरांत अंडरस्कोअरने जोडून, क्लासच्या नावातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करून आणि न बदलणाऱ्या किमती सगळ्या मोठ्या अक्षरांत लिहितात. इंग्रजीतला लहान एल, मोठा आय आणि मोठा ओ ही एकाक्षरी नावे ती टाळायला सांगते, कारण काही फाँटमध्ये ती एक आणि शून्यासारखी दिसतात.

अंडरस्कोअरलाही अर्थ आहे. सुरुवातीला एक असेल तर "हे आतले आहे, बाहेरून हात लावू नका" असा संकेत. पायथॉन तो सक्तीने पाळायला लावत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन असतील तर ती पायथॉनची खास नावे, इनिट सारखी. तशी नवी बनवू नका.

आता मराठी नावे कुठवर वापरावीत? स्वतः शिकताना, वर्गात समजावून सांगताना, घरच्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये मनमोकळेपणाने वापरा. पायथॉनच्या मूळ लायब्ररीत मात्र इंग्रजी अक्षरांचीच नावे चालतात, तसे पेप ८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, आणि नोकरीतल्या कोडचीही रीत तीच. दोन्ही लिपींत सतत जा-ये करताना कळफलक बदलावा लागतो हेही खरे. पण तर्क पक्का झाल्यावर सकाळ_लिटर चे मॉर्निंग_लिटर करायला वेळ लागत नाही. व्हीएस कोड या एडिटरमध्ये नावावर कर्सर ठेवून एफ२ दाबले की ते जिथे जिथे वापरले आहे तिथे एकदम बदलते. शोधा-आणि-बदला वापरू नका. दर बदलायला गेलात तर "लिटरमागे दर" या अवतरणातलाही दर बदलेल.

दुसऱ्या भाषेकडे वळताना

जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही देवनागरी नावे चालतात, आणि तिथे डॉलरचे चिन्हही नावात चालते. जावास्क्रिप्ट ती अदृश्य खूणसुद्धा नावाच्या मध्ये किंवा शेवटी चालवून घेते. म्हणून तिथे चाललेले मराठी नाव पायथॉनमध्ये अडू शकते. गो भाषेत उलट आहे. तिथे नावात फक्त अक्षरे, अंक आणि अंडरस्कोअर चालतात, आणि काना-मात्रा-अनुस्वार या जोडखुणा अक्षरांत धरलेल्या नाहीत. त्यामुळे गो मध्ये घर, दर, वजन ही नावे चालतात, पण नाव, किंमत, दूध चालत नाहीत. शिवाय गो मध्ये पॅकेजबाहेर (एकत्र ठेवलेल्या कोडच्या गटाबाहेर) दिसायला हवे असलेले नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत मोठे अक्षरच नसल्याने वजन हे नाव चालले तरी त्या पॅकेजच्या आतच राहते.